शनिवारचा अर्धा दिवस

मे महिन्यातला शनिवार आमच्या वसईच्या घरी पहाटे बावडीवर सुरू होई आणि रात्रीच्या जपमाळेनंतर संपे. वडील मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. शनिवारी त्यांना अर्धा दिवस असे. दुपारी कचेरी सुटली की मशीद बंदराकडे वाकडी वाट करून ते मसाल्याचे सामान घेत आणि विरार गाडीने पाचच्या सुमारास घरी पोहोचत. चहा झाला न झाला की शिडी भिंतीला लागे. पाऊस जवळ आलेला असे आणि त्याआधी घर शाकारून व्हायला हवे. वडील छपरावर, मी शिडीच्या मधल्या पायरीवर, आणि खाली धाकटा भाऊ चांगली कौले निवडून वर देत असलेला, असा आमचा क्रम ठरलेला होता. दिवस कलला की वडील हातपाय धुऊन ओटीवर व्हायोलिन घेऊन बसत. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेसाठी गायनमंडळाची तयारी करायची, हे निमित्त. खरे म्हणजे आठवडाभर पेटीत बंद असलेले ते वाद्य त्यांना त्या एकाच संध्याकाळी भेटत असे.

आई या चित्रात कोठे होती, हे आठवायला मला थोडा वेळ लागतो. ती सगळीकडेच होती. सकाळी खळ्यावर मिरच्या पसरल्या जात, दुपारी त्या परतल्या जात. सुके बोंबील आणि करंदी शेवटचे ऊन दाखवून डब्यांत भरायची, वर्षाचे मीठ मडक्यांत घालायचे, पावसाळ्यापुरती लाकडे पडवीत रचायची आणि या साऱ्यातून वेळ काढून रविवारचे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवायचे. व्हायोलिनचे सूर सुरू होत तेव्हा ती चुलीपुढे असे.

अशा शनिवारांविषयी कोणी इतिहास लिहीत नाही. इतिहासात लढाया असतात, तह असतात. वसईच्या इतिहासात १५३४ चा तह आहे, १७३९ चा वेढा आहे. वसईकराच्या शनिवारची दुपार नाही. परंतु वडिलांना मिळालेला तो अर्धा दिवस आभाळातून पडला नव्हता. त्याचाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शनिवार कोणालाही फुकट मिळालेला नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याची किंमत मोजली आहे.

शनिवारी काम थांबवण्याची कल्पना मानवजातीला दिली ती यहुदी लोकांनी. सातव्या दिवशी विसावा घ्यावा, ही त्यांच्या दहा आज्ञांतील एक आज्ञा. ती केवळ घरधन्यासाठी नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, दारी आलेला परका, या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे, असे निर्गमाच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. गुलामाला आणि बैलालाही सुट्टीचा हक्क देणारा हा नियम त्या प्राचीन काळात किती धीट होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. त्या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख मात्र नाही. ‘तू’ या शब्दात ती आलीच, असे भाष्यकार म्हणतात. यहुदी घरांत ही अडचण व्यवहाराने सोडवली गेली: शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून सारा स्वयंपाक शुक्रवारीच उरकायचा. विसाव्याची किंमत आदल्या दिवशीच्या दुप्पट कामाने मोजली जाई.

हा शनिवार आपल्या कोकणाला परका नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांत पसरले, मराठी बोलू लागले, गावांवरून ‘कर’ प्रत्ययाची आडनावे लावू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. शनीला आणि मारुतीला तेल वाहण्याचा जो वार, नेमक्या त्याच वारी तेल्याचा घाणा थांबलेला; तरी शेजाऱ्यांनी त्यावरून भांडण काढल्याचे ऐकिवात नाही. गिरण्या, कायदे, संघटना यांच्या कितीतरी आधी आपल्या किनारपट्टीवर शनिवारची सुट्टी पाळली जात होती, आणि ती पाळणारे लोक हातावर पोट असलेले कारागीर होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ख्रिस्ती जगाने विसाव्याचा वार बदलला. ७ मार्च ३२१ रोजी रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावे असा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र त्याने मुभा ठेवली. पेरणीचा किंवा द्राक्षवेली लावण्याचा हंगाम हातचा जाऊ नये, हे त्यामागचे कारण. त्याच शतकात लाओदिकिया येथे भरलेल्या धर्मसभेने तर ख्रिस्ती लोकांनी शनिवारी रिकामे बसू नये, त्या दिवशी काम करावे आणि रविवारचा मान राखावा, असा नियम केला. अशा रीतीने शनिवार हा ख्रिस्ती माणसाचा कामाचा दिवस ठरला. पुढे मध्ययुगात, अल्क्विन या विद्वानाच्या काळापासून (त्याचा मृत्यू ८०४ मधला), शनिवार पवित्र मरियेला वाहण्याची प्रथा रूढ होत गेली. कामाचा दिवस एका आईच्या नावाने ओळखला जावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आपल्या खेड्यांत आठवडा होता तो बाजाराच्या वाराने ओळखला जाणारा. सण होते, अमावास्येला कित्येक कारागीर हत्यार धरीत नसत. पण दर सात दिवसांनी ठरलेली सुट्टी ही रीत शेतकऱ्याला ठाऊक नव्हती. तिची गरजही तितकी नव्हती. शेतीचे काम हंगामाप्रमाणे वाढते आणि ओसरते. यंत्र ओसरत नाही. म्हणून सुट्टीचा खरा प्रश्न निर्माण झाला तो यंत्राबरोबर, आणि तो प्रथम इंग्लंडात झाला.

इंग्लंडातल्या जुन्या कारागिरांची एक गमतीची प्रथा होती. रविवारी विसावा घेतल्यावर सोमवारीही ते कामावर जात नसत, आणि या स्वतःच घेतलेल्या सुट्टीला त्यांनी ‘संत सोमवार’ असे थट्टेचे नाव दिले होते. कापडगिरण्यांनी ही चैन मोडून काढली. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया आणि तरुण मुले यांच्या कामाला दिवसाकाठी दहा तासांची, आठवड्याकाठी ५८ तासांची मर्यादा घातली. परंतु मालकांनी पाळ्यांची अदलाबदल करून ती निष्फळ केली. शेवटी १८५० मध्ये तडजोड झाली. कामाच्या वेळा पक्क्या ठरल्या आणि शनिवारी दुपारी दोन वाजता या कामगारांना सोडलेच पाहिजे, असे कायद्यात आले. पण त्याच्या मोबदल्यात बाकीच्या पाच दिवशी काम दहा तासांवरून साडेदहा तासांवर गेले. आठवडा ५८ ऐवजी ६० तासांचा झाला. शनिवारची दुपार कामगारांनी रोजच्या अर्ध्या तासाने विकत घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी होता. पण ती बाहेर पडली की गिरणीतली यंत्रे पुरुषांच्या बळावर चालेनात; तेव्हा पुरुषांनाही सुटी मिळू लागली. त्या दुपारचे पुढे काय झाले, हे मोठे बोधप्रद आहे. पुरुष फुटबॉलच्या मैदानाकडे वळले. शनिवारी तीन वाजता सामना, ही इंग्लंडची प्रथा या सुट्टीतून जन्मली. ब्लॅकबर्नसारख्या गिरणगावचा संघ १८८३ मध्ये ईटनच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या संघाला हरवून फुटबॉलचा मानाचा करंडक घेऊन गेला, ही त्या मोकळ्या दुपारचीच करामत. आणि ज्यांच्या नावाने ती दुपार मिळाली त्या स्त्रिया? त्या बाजारात गेल्या, धुणे धुतले, फरशा पुसल्या आणि रविवारच्या जेवणाची तयारी केली. सुट्टी कायद्याने दोघांना दिली. घराने ती एकालाच दिली.

आता मुंबईकडे येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत चिमण्या उभ्या राहिल्या. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीची पाळी सूर्यावर चाले. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. याचा सरळ परिणाम असा की उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. वैशाखातल्या ज्या शनिवारी आज आपण मुलांना घेऊन समुद्रावर जातो, तो शनिवार त्या काळच्या गिरणीकामगाराच्या वर्षातल्या सर्वांत लांब दिवसांपैकी एक असे. शनिवारनंतरचा रविवारही त्याचा नव्हता. सणावारी गिरणी बंद राही. मधूनमधून यंत्रे साफ करण्यासाठी थांबवली जात, तेव्हा सफाईला त्यालाच जावे लागे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांचा त्यात विचार नव्हता.

हा विचार मालकांना आणि सरकारला करायला लावला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि काही काळ स्वतः गिरणीच्या नोकरीत राहिलेले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे दिले. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, असा आधार लोखंड्यांनी त्यासाठी घेतला. एकाच वाराला एका घरात मिस्सा आणि दुसऱ्या घरात जेजुरीच्या देवाची तळी, हा योग मला फार सुंदर वाटतो. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर सरकारी शिक्का बसला. त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवरील आपले ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले आणि श्रमिकाचा विसावा हा त्याचा हक्क असल्याचे सांगितले. लोखंडे आणि पोपमहाशय यांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. परंतु दोघे एकाच दुखण्यावर बोट ठेवीत होते. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना गेले.

रविवार मिळाला, शनिवार मात्र मिळाला नाही. याचे कारण आकड्यांत दडलेले आहे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याने घातलेली मर्यादाही गेली. पाळ्या चौदा-पंधरा तासांपर्यंत वाढल्या. त्यावर ओरड झाली, चौकशी समित्या बसल्या, १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईत दिवस दहा तासांवर आला. १९२२ च्या कायद्याने आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ मध्ये ५४ चा, १९४६ मध्ये ४८ चा, आणि १९४८ च्या कायद्याने तोच आकडा कायम ठेवला. साठ, चौपन्न, अठ्ठेचाळीस. वाचकांनी हे आकडे सहाने भागून पाहावेत. दहा, नऊ, आठ. प्रत्येक वेळी बरोबर भाग जातो. इंग्लंडातल्या १८५० च्या कायद्यातही ६० च तास होते. पण ते पाच वेळा साडेदहा आणि शनिवारी साडेसात असे वाटलेले होते. आपल्याकडे सर्वसाधारण रीत सहा सारख्या दिवसांची पडली. कामगाराचा दिवस लहान होत गेला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याच्या शनिवारला वेगळा चेहरा मिळाला नाही.

तो चेहरा मिळाला कचेऱ्यांना. पेढ्या, बँका, सरकारी खाती यांत शनिवारी लवकर सुटण्याची साहेबी रीत रुजली आणि माझ्या वडिलांसारख्या कारकुनांच्या वाट्याला ती आली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे लोकलगाडी सुरू झाली होती; त्या रुळांवरूनच वसईची भाजी, फुले आणि दूध मुंबईला गेले आणि मागाहून आमचे कारकूनही गेले. शेतावर राहिलेल्या आमच्या काकांना शनिवार-रविवार सारखेच. रविवारी मिस्सेहून आल्यावर तेही वाफ्यांना पाणी सोडीत. कॉन्स्टंटाईनने शेतकऱ्याला दिलेली मुभा सोळाशे वर्षांनंतरही चालूच होती!

शनिवार पुरता मोकळा करण्याची चळवळ विसाव्या शतकातली. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा केला. त्यामागचा हिशेब त्याने लपवला नाही: फुरसत मिळालेला माणूस अधिक वस्तू वापरतो, आणि वस्तू विकल्या गेल्या तरच कारखाने चालतात. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने चाळीस तासांच्या आठवड्याचा ठराव केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्या २९ फेब्रुवारी २०२० पासून सर्व शनिवारी बंद राहू लागल्या. त्यासाठी रोजच्या कामाचा वेळ पंचेचाळीस मिनिटांनी वाढवण्यात आला. १८५० मधला तोच व्यवहार: रोज थोडे अधिक द्या आणि शनिवार घ्या.

आणि शनिवार मिळाल्यावर आपण त्याचे काय केले? मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे, तेव्हा आळीतली दहा घरे एका ओटीवर जमत. त्याआधी पत्ते होते, व्हायोलिन होते, बागेतली कलमे होती. ही सारी त्या अर्ध्या दिवसाची पिके. माणसाचा छंद, त्याचे शेजार, मुलांशी होणारे त्याचे बोलणे, हे सारे पगाराच्या वेळेत बसत नाही आणि देवाला दिलेल्या वेळेतही पुरते बसत नाही. त्याला तिसरा वेळ लागतो. रविवार देवाचा, पाच दिवस मालकाचे. मधला शनिवार घराचा. हा तिसरा वेळ नसेल तर बाजार, धुणे, दुरुस्ती ही सारी कामे रविवारवर चढाई करतात आणि विसाव्याचा दिवसच विटतो. शनिवारने रविवारचे रक्षण केले आहे.

परंतु हे वाक्य लिहिताना लेखणी अडते. आमच्या घरचा रविवार राखला तो शनिवारने की आईने? वडील चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली. त्यानंतर त्यांचे सर्वच वार शनिवार झाले. आईच्या मिरच्या मात्र खळ्यावर पडतच होत्या. एकदा जेवताना वडील सहज म्हणाले, “आता मला शनिवार आला-गेला कळत नाही.”

आई ताट उचलता उचलता म्हणाली, “मला तो कधीच कळला नाही.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य आम्हा सर्वांना लागले. पुढच्या शनिवारी वडिलांनी स्वतः चूल पेटवली. पेज थोडी लागली, आमटीत मीठ अधिक पडले. आई ओटीवर बसली, पण तिला स्वस्थ बसवेना. चार वेळा उठून आत डोकावून गेली. पाचव्या वेळी वडिलांनी व्हायोलिनची पेटी तिच्या मांडीवर आणून ठेवली आणि “हिची धूळ तेवढी पूस” असे सांगून तिला जागेवर खिळवले. हा क्रम पुढे त्यांच्या अखेरपर्यंत चालला. पेज लागायची पुष्कळ कमी झाली.

लोखंड्यांच्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलल्या, त्या सभा संपल्यावर कोठे गेल्या असतील, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. खोलीवर गेल्या असतील, पाणी भरले असेल, भाकऱ्या थापल्या असतील. त्यांनी मागितलेला रविवार मुंबईला मिळाला. त्यांना त्यातला किती मिळाला, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि लिहिता येणारही नाही. तास ठरवणे सरकारच्या हाती असते. ते घरात कसे वाटायचे, हे घराने ठरवायचे असते.

येत्या उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी छपरावर ताडपत्री घालून खाली उतराल, हातपाय धुवाल आणि ओटीवर वाऱ्याला बसाल, तेव्हा आत चुलीपुढे कोण उभे आहे, ते एकदा पाहून यावे. इतिहासाने दिलेला अर्धा दिवस आहे. त्यातला अर्धा तिचा आहे.